जे केलं तेच लिहा

धाकटीला कंपनीत सगळे धाकटीच म्हणत, कारण थोरली बहीण तिथेच पॅकिंगला होती. कंपनी चष्म्याच्या काचा बनवायची आणि पंचविशीतल्या धाकटीचं काम काचेचा नंबर तपासण्याचं. एक डोळा मिटायचा, दुसरा यंत्राच्या नळीला लावायचा आणि दोन्ही हातांनी काच धरून ठेवायची. अशा वेळी मागे कोण येऊन उभं राहिलं ते दिसत नाही, आणि हात सोडले तर काच फुटते. सुपरवायझरने नेमकी हीच वेळ हेरली होती. एकदा झालं, पुन्हा झालं. मग एक दिवस धाकटीने सरळ काच सोडली आणि कोपर मागे हाणलं. खळ्ळकन आवाज झाला, सगळा हॉल वळून बघायला लागला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा सुपरवायझरच ओरडला, "लक्ष कुठं असतं हिचं?"

धाकटीने तक्रार केली. कायद्याने अशा तक्रारींसाठी समिती असावी लागते म्हणून कंपनीत ती होती; आजवर तिने चहा पिण्यापलीकडे काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. अध्यक्षबाई अकाउंट्समधल्या. दुसरे स्टोअरचे काका, धाकटीच्या वडिलांचे मित्र. लहानपणी ती त्यांच्या खांद्यावर बसून हिंडलेली. तिसऱ्या वकीलबाई, बाहेरचं एक माणूस घ्यावंच लागतं म्हणून बोलावलेल्या.

जबाब सुरू झाला. धाकटी सांगायची आणि अध्यक्षबाई ते आपल्या भाषेत बसवून टाइप करायच्या.

"तो मागून आला आणि..." धाकटी अडखळली. समोर काका बसले होते. जे सांगायचं होतं त्यातला शब्द त्यांच्या घरात कुणी डॉक्टरपुढेही उच्चारत नसे. आई तर "इथं दुखतंय" म्हणून नुसता हवेत हात फिरवायची.

"कळलं गं, कळलं. पुढचं नको सांगूस," अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या आणि त्यांनी टाइप केलं, 'सुपरवायझर यांनी गैरवर्तन केले.'

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर धाकटीलाही क्षणभर हायसं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मग तिच्या मनात पाल चुकचुकली.

"गैरवर्तनाला शिक्षा काय असते?"

"लेखी समज," वकीलबाई म्हणाल्या. "उशिरा येणं, उलट बोलणं, हेही गैरवर्तनच."

"म्हणजे उद्या तो परत माझ्या मागे उभा?"

वकीलबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"आणि जे केलं तेच लिहिलं तर?"

"तर कायद्यात त्याला वेगळं नाव आहे. नोकरी जाऊ शकते त्याची. आणि जबाब तुमच्याच शब्दांत लिहिला जाणं हा तुमचा हक्क आहे, आमचे उपकार नाहीत."

धाकटीचं डोकं सणकलं. वा रे न्याय! हात त्याने टाकायचा आणि पदर हिने सावरायचा. अख्खं आयुष्य ज्याला तिने मर्यादा म्हटलं, ती त्या माणसाला केवढी सोयीची होती!

"बाई, ते वाक्य खोडा."

"अगं, कागद चार जणांच्या हातात जातो. बदनामी तुझीच होईल."

"का म्हणून माझी? लिहा. माझा डोळा नळीला होता. त्याने मागून येऊन दोन्ही हातांनी माझी छाती धरली आणि दाबली. मला हात सोडता येत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. मग तो हसून म्हणाला, 'नंबर बरोबर आहे.'"

काका खिडकीबाहेर बघत बसले. अध्यक्षबाईंची बोटं थांबली होती, ती हळूहळू पुन्हा चालू लागली. एकही शब्द त्यांनी बदलला नाही.

जबाब सुपरवायझरसमोर वाचायचा असा नियम होता. त्याला आत बोलावलं. धाकटी म्हणाली, "मीच वाचते." सुरुवातीला ती कागदावरून मान वर न करता वाचत होती, हे कबूल करायला हवं. 'छाती' या शब्दापाशी सुपरवायझर ताडकन उठला.

"शी! काकांसमोर असलं बोलतेस? वडीलधाऱ्यांची काही लाज?"

"मी नुसतं बोलतेय. केलंय तुम्ही."

आणि तिने शेवटपर्यंत वाचलं. सुपरवायझरने आशेने काकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"पोरी," ते म्हणाले, "पुन्हा वाच. मघापासून मी मुद्दाम ऐकत नव्हतो."

सुपरवायझर दाराकडे वळला.

"तुम्ही बसा," काका म्हणाले.

तो बसला. धाकटीने कागद टेबलावर ठेवून दिला आणि त्याच्या डोळ्यांत बघत पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.