तिसरा जोड

मिस्त्रीने लिंबाएवढा रबरी चेंडू न्हाणीघरातल्या पाइपच्या तोंडात सोडला आणि घरमालकीणबाईंना म्हणाला, "ओता."

बाईंनी बादली कलंडवली. पाणी खळखळत आत गेलं. न्हाणीघरापासून फाटकापर्यंत चर उघडा होता, त्यात नवा पाइप, आणि फाटकाजवळच्या चेंबरमध्ये हात घालून मिस्त्रीची बायको बसली होती. चेंडू तिच्या हातात पोचला की उतार बरोबर. मग माती लोटायची.

"सासूबाईंना उद्या घरी सोडतायत," बाई म्हणाल्या. "मांडीचं हाड मोडलंय, जिना चढणं जमायचं नाही. हे खालचं न्हाणीघर चाललंच पाहिजे हो."

"चालेल की."

तोंडाने म्हटलं, पण त्याची त्यालाच खात्री नव्हती. दोन महिने झाले, उतार बघायच्या लेव्हलच्या काचेतला बुडबुडा त्याला दिसत नव्हता. दिसायचं ते नुसतं धुकं. कुणाला कळलं तर संपलंच. असल्या मिस्त्रीला कोण दारात उभं करणार? बायकोलाही सांगितलं नव्हतं. मान धरलीय, वाकवत नाही, अशी थाप मारून तो तिलाच बघायला लावायचा. तेही सरळ नाही. पाइपवर लेव्हल ठेवायची, चाचपायचं आणि रुबाबात म्हणायचं, "बरोबर आहे ना गं?" ती वाकून बघायची, म्हणायची, "बरोबर." की हा पुढचा जोड चिकटवायला मोकळा.

चेंडू यायला फार तर दहा आकडे मोजावे लागत. त्याने तीस मोजले.

"आला का गं?" त्याने ओरडून विचारलं.

त्याने आणखी दहा मोजले.

"अडकला की काय?" बाईंचा आवाज चिरकला. "अजून एक बादली ओतू?"

"थांबा हो जरा." कानामागून घाम मानेवर उतरत होता.

"आला!" बायको एकदम ओरडली. "आला बघा!"

बाईंनी हुश्श केलं. "सुटले बाई एकदाची! घ्या बुजवायला."

तो चराच्या कडेकडेने फाटकाशी गेला. बायकोने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला आणि मान फिरवली. डोळे गेले असतील, हात शाबूत होते. चेंडू कोरडा ठणठणीत होता. वर तिच्या कमरेची ऊब होती त्याला.

म्हणजे हिला ठाऊक होतं. दुसरा चेंडू कमरेला खोचून ही कामावर येत होती, आणि आपण हिला मानेच्या थापा मारत होतो! त्याला रागही आला आणि रडूही.

"कुठं अडकलाय?" त्याने हळूच विचारलं.

"तिसऱ्या जोडाला. बुडबुडा उलट्या बाजूला गेला होता तिथं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच आधी 'बरोबर' म्हणालात." ती आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, बाई आत गेल्या की उकरू. आत्ता नको."

पण बाईंना कुठला धीर. त्यांनी स्वतःच फावडं उचललं होतं, आणि मातीचा पहिला लोट तिसऱ्या जोडावरच पडला.

"बाई, फावडं ठेवा," मिस्त्री म्हणाला. "उतार चुकलाय. मला नीट दिसत नाही."

बाई बघतच राहिल्या. एकदा त्याच्याकडे, एकदा चराकडे.

"आणि उद्याचं काय? आता उतार बघणार कोण?"

"ही बघेल."

त्याने लेव्हल बायकोच्या हातात दिली, करवत घेतली आणि चरात उतरला. पाइप कापताच अडलेलं पाणी बाहेर आलं, त्याबरोबर चेंडूही घरंगळत पायाशी आला. नवा तुकडा बसवताना सवयीने त्याचं तोंड उघडलं. त्याने ते मिटलं आणि वाट पाहत राहिला.

ती ओणवी झाली. बराच वेळ बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "अजून बोटभर वर घ्या."

त्याने घेतला.