अनिकाचं केळवण

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल आणि आसपासच्या मराठी मंडळींत लग्नापेक्षा केळवणाला जास्त मान होता. लग्न काय, कुणाचंही होतं. घरोघरी किती केळवणं झाली, यावर माणसाची पत ठरायची. लग्न ठरलेल्या मुलाला किंवा मुलीला जेवायला बोलवायचं, ताटाभोवती रांगोळी काढायची, गोडधोड वाढायचं, हातात काहीतरी ठेवायचं, एवढीच ती साधी रीत. पण इथे घराघरांत इंजिनियर, तेव्हा साध्या रीतीचीही एक्सेल शीट झाली होती. मृणालिनी दर सोमवारी ती सगळ्यांना ईमेल करायची. नवरा किंवा नवरी, तारीख, यजमान, मेनू असे रकाने. एका घरी श्रीखंड झालं की पुढच्या घरी बासुंदी, म्हणजे कुणाचाही पदार्थ रिपीट व्हायला नको. या कामात मृणालिनीला जी एकाग्रता साधायची ती नोकरीत कधी साधली नाही, आणि तिला दोनदा काढून टाकलं त्याचं कारण ती अजूनही मंदीला देत असे.

सुहासिनीने या मंडळींच्या मुलांची केळवणं करण्यात आयुष्यातली पंधरा-वीस वर्षं घातली होती. कुणाच्या आर्यला पुरणपोळी आवडते, कुणाच्या राधिकेला शेंगदाणे चालत नाहीत, सगळं तिला तोंडपाठ. आणि आता तिच्या स्वतःच्या अनिकाचं लग्न ठरलं होतं, तर शीटमध्ये अनिकाच्या नावाची ओळच नव्हती.

कारण अनिका मेगनशी लग्न करत होती. मेगन फ्रेस्नोकडची, शाळेत विज्ञान शिकवणारी, चार वर्षं अनिकाबरोबर राहणारी. २००८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात दोन बायकांना एकमेकींशी कायद्याने लग्न करता येऊ लागलं, आणि चार नोव्हेंबरच्या मतदानात लोक ते पुन्हा बंद करतील अशी चिन्हं होती. म्हणून या दोघींनी घाई करून ऑक्टोबरातला चोवीस तारखेचा शुक्रवार धरला. सुहासिनीने जुलैतच सगळ्यांना ईमेल करून कळवलं. उत्तरं आली, नाही असं नाही. ‘कॉंग्रॅट्स’ आणि पुढे एक हसरा चेहरा. चेहरा हसत होता तेवढाच.

मग कारणं सुरू झाली. वसुधाचा गुडघा दुखू लागला. तो नेमका वीकेंडलाच दुखायचा, सोमवारी ती झुंबा करायची. कांचनच्या स्वयंपाकघराचं काम निघालं, आणि त्याच स्वयंपाकघरात तिने दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाच्या केळवणाला चाळीस माणसं जेवू घातली. कुणी म्हणालं की घरात मुलं लहान आहेत, त्यांना काय सांगायचं. त्या मुलांना सगळं पाचवीतच ठाऊक झालं होतं. समजावून सांगावं लागलं असतं तर ते आईबापांनाच. आणि भजनानंतर कॉफीच्या कपाभोवती जी चर्चा चाले ती तर ऐकण्यासारखी होती. आमचं काही म्हणणं नाही, असं प्रत्येक जण आधी म्हणायचा, आणि मग एक ‘पण’ यायचा. पण निसर्गाचे काही नियम असतात. पण हे इकडचं फॅड आहे. पण तुम्ही तिला लहानपणी सॉकर खेळू दिलंत. हेच लोक आदल्या वर्षी ग्रीन कार्डाच्या रांगेत आपल्यावर अन्याय होतो म्हणून हातात बोर्ड घेऊन उन्हात चालले होते, आणि समान हक्क, समान हक्क म्हणून त्यांचे घसे बसले होते. ते घसे आता चांगले बरे झाले होते.

सुहासिनी या सगळ्यांना मनातल्या मनात शेलक्या शिव्या घालायची. पण ती काही फार वेगळ्या मातीची नव्हती. चार वर्षांपूर्वी अनिकाने सांगितलं तेव्हा तिने दोन महिने रडून काढले होते आणि मुलीचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून सोळा सोमवार धरले होते. सतराव्या सोमवारी अनिका मेगनला घेऊन घरी आली आणि दोघींनी उद्यापनाचा प्रसाद दोनदा मागून खाल्ला. त्यानंतर सुहासिनीने देवाचा नाद सोडला आणि मेगनला भाकरी थापायला शिकवलं. मायेपोटी शिकवलं की पराभव मान्य करून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट होती. तीन वर्षांपूर्वी गुरुनाथ, तिचा नवरा, ऑफिसात कोसळून गेला, तेव्हा याच लोकांनी महिनाभर रोज डबा पोचवला होता. वसुधा रात्री सोबतीला येऊन झोपत होती. सुहासिनीला दुसरे लोकच नव्हते. त्यांचा राग येत होता, आणि ते गेले तर पुढे शनिवार-रविवार काय करायचं याची भीतीही वाटत होती. अशी माणसं फार लवकर तडजोड करतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अनिका भाजी चिरता चिरता म्हणाली, “आई, माझं केळवण कोणीच नाही करणार का? I mean, it's fine. मी फक्त विचारतेय.”

बत्तीस वर्षांची ती बाई, पुलांचं गणित करणारी, जिने आईकडे कधी दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही, तिने हे मागितलं. लहानपणापासून ती दुसऱ्यांच्या ताटांभोवती रांगोळीचे ठिपके देत आली होती. सुहासिनी म्हणाली, होईल की, बायका तारखा बघतायत. आणि दुसऱ्याच दिवशी, जे आजवर कुणी केलं नव्हतं ते तिने केलं. ती मृणालिनीच्या घरी गेली आणि मुलीसाठी केळवण मागितलं.

मृणालिनीने चहा केला, बिस्किटं काढली, मोठ्या मनाचा चेहरा केला. म्हणाली की ती स्वतः अगदी मॉडर्न आहे, तिच्या जिममध्ये असे दोघे जण आहेत आणि तिला त्यांचं कौतुकच वाटतं. करू या केळवण, एकोणीसच्या रविवारी, वीसेक माणसांत. फक्त त्याला केळवण म्हणायचं नाही. अनिकाला मार्चमध्ये प्रमोशन मिळालं आहे ना, त्याचं जेवण म्हणू या. आणि मेगन म्हणजे अनिकाची मैत्रीण, इतकंच. पुण्याहून सासूबाई आल्या आहेत, शिवाय मुलं असतील. लग्नाचा विषय कुणी काढणार नाही, तुम्ही तिघीही काढू नका. ताट, रांगोळी, ओटी सगळं साग्रसंगीत होईल. अनिकाला तर ते केळवणच वाटेल.

सुहासिनीने बिस्किट चहात बुडवलं आणि हो म्हणाली. विचार करते असंही म्हणाली नाही. घरी येऊन तिने अनिकाला फोन केला की मृणालिनी मावशीने तुझं केळवण ठेवलंय. पलीकडून इतका आनंदाचा आवाज आला की तिला पुढचं सांगवेना, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. सांगायला पुरते दहा दिवस होते.

रविवारी अनिकाच्या गाडीतून तिघी मृणालिनीकडे पोचल्या, अनिका आणि मेगन दोघी साड्या नेसून. मेगनची हिरवी, वीसएक पिनांनी टाचलेली. ती दर पावलाला खाली बघून चालत होती आणि तरी खूश होती. मृणालिनीने ‘तुझी मैत्रीण किती गोड दिसतेय’ असं सासूबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. अनिकाच्या कपाळाला आठी पडली, पण ती हसली. डायनिंग टेबलाच्या मधोमध रांगोळी घातलेलं एकच ताट होतं. मेगनचं ताट पोरांच्या टेबलावर, कागदी. अनिकाने ते पाहिलं, चूक झाली असेल असं समजून शांतपणे एक स्टीलचं ताट घेतलं, स्वतःच्या शेजारी मांडलं आणि मेगनला बसवलं. वसुधाचा गुडघा एकदम दुखायला लागला. कांचन पापड तळलेत का ते बघायला आत गेली.

मृणालिनीने अनिकाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं खरोखरच साग्रसंगीत. मेगनला तिने वासाची मेणबत्ती दिली. मग चमचा पेल्यावर वाजवून ती म्हणाली की आपल्या अनिकाला प्रमोशन मिळालं, आपल्या सगळ्यांना तिचा अभिमान आहे. टाळ्या झाल्या. वीस माणसांनी त्या बढतीसाठी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या की जणू अमेरिकेतले सगळे पूल त्यांच्याच पैशाने बांधले होते.

वाढून झालं. तरी अनिका जेवायला सुरुवात करेना. ती वाट बघत होती. केळवणात पहिल्या घासाआधी बायका नवरीच्या मागे लागतात, नाव घे, नाव घे. मग नवरी लाजत दोन ओळींचा उखाणा म्हणते, आणि त्यात ज्याच्याशी लग्न होणार त्याचं नाव असतं. ते नाव कानावर पडलं की सगळ्या समाधानाने जेवायला बसतात. अनिकाने हे पन्नासदा पाहिलं होतं. सुहासिनीला समोरून तिचे ओठ हलताना दिसले, आणि पोरगी उखाणा पाठ करून आली आहे हे तिच्या लक्षात आलं. कुणाला विचारून केला असेल, रोमन अक्षरांत लिहून कितीदा घोकला असेल, कोण जाणे.

माणसं भातावर तूप घेत होती.

“मावशी,” अनिका शेवटी हसत म्हणाली, “मला नाव घ्यायला नाही सांगणार?”

मृणालिनीने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती सुहासिनीकडे वळली आणि खालच्या आवाजात, पण सगळ्यांना कळेल असं म्हणाली, “सुहासिनी, आपलं ठरलं होतं ना?”

सुहासिनीला फक्त दोन शब्द बोलायचे होते. घे बाळा. आयुष्यात तिने ते दुसऱ्यांच्या किती मुलींना म्हटले होते. सासूबाई बघत होत्या, वसुधा बघत होती, वर्षानुवर्षांचे शनिवार-रविवार बघत होते. ती म्हणाली, “गार होतंय सगळं. आधी जेवून घ्या.”

अनिकाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. “काय ठरलं होतं, आई?”

“काही नाही गं. घरी बोलू.”

“No. इथे सांग.”

मग सुहासिनीने सांगितलं. ताटाकडे बघत, भराभर, एखादा अर्ज वाचून दाखवावा तसं. प्रमोशनचं जेवण म्हणायचं, मेगनला मैत्रीण म्हणायचं, लग्नाचं बोलायचं नाही. मी हो म्हटलं होतं. मेगनला मराठी येत नव्हतं, पण आपलं नाव आणि ‘मैत्रीण’ तिला कळलं, आणि बाकीचं तिने अनिकाच्या चेहऱ्यावरून ओळखलं. अनिकाने आरडाओरडा केला नाही. ओटीतला नारळ काढून तिने ताटाशेजारी ठेवला, मग खण, मग पदरातले तांदूळ ओंजळीने, सगळे, एकही खाली सांडू न देता. जेवणासाठी मृणालिनी मावशीचे आभार मानले आणि मेगनचा हात धरून बाहेर गेली.

दार लागलं आणि खोलीत जीव आला. सुहासिनीला वाटलं होतं की आता सगळे आपल्याला टाकतील. झालं उलटंच. वसुधा दुखऱ्या गुडघ्यासह धावत आली आणि पाठीवरून हात फिरवू लागली. कांचन म्हणाली की इथे वाढलेल्या मुलांना आईबापाच्या मनाची कल्पनाच नसते. सासूबाईंनी सुस्कारा टाकून सांगितलं की तुमच्यासारखी आई मिळायला भाग्य लागतं. मृणालिनीने तिच्या वाटीत आणखी बासुंदी वाढली, वरचे बदाम वेचून. चार महिन्यांत या लोकांना सुहासिनीचं इतकं प्रेम आलं नव्हतं. ती आता पूर्ण त्यांची झाली होती, आणि त्यासाठी तिने काय दिलं होतं ते तिला ढळढळीत कळत होतं. तिला स्वतःचीच किळस आली. बासुंदी तशीच ठेवून ती उठली. पर्स घेऊन दाराकडे निघाली तेव्हा मृणालिनी मागून म्हणत होती, डबा तरी घेऊन जा.

अनिकाची गाडी रस्त्याकडेला उभी होती. सुहासिनी त्याच गाडीतून आली होती, आणि आई परत कशी जाईल याचा विचार इतकं होऊनही त्या पोरीने केला होता. मेगन उतरली, पदर सावरत तिने मागचं दार उघडून धरलं. सुहासिनी बसली. सनीव्हेलचे सगळे सिग्नल त्या दुपारी लाल होते.

घराशी गाडी थांबल्यावर तिने विचारलं, “शुक्रवारी किती वाजता यायचं?”

अनिकाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं.

“दहाला. ये तू,” ती म्हणाली. “कोणी विचारलं तर मी सांगेन, फॅमिली फ्रेंड आहे.”