न वाळणारी पाटी

पेंटरने पाटीच्या कोपऱ्यावर बोट टेकवून बघितलं. पांढरा रंग बोटाला चिकटून आला.

"अजून ओलीच आहे, वहिनी. आज काही टांगता येणार नाही."

"हवाच दमट आहे," रंगाच्या दुकानाची मालकीण म्हणाली आणि पुन्हा रिकामी फडताळं पुसायला लागली.

हवा इतकी कोरडी होती की ओठ फुटत होते. पण पेंटर कशाला बोलतोय! रंग वाळावा म्हणून त्यात ड्रायर घालतात. या पाटीच्या रंगात त्याने तो मुद्दामच घातला नव्हता, वर वाळणं लांबवणारं जवसाचं तेल मात्र सढळ हाताने ओतलं होतं. 'दुकान विकणे आहे' ही अक्षरं दारावर लागली की गिऱ्हाईक येणार आणि वहिनी लेकीकडे, दूरच्या गावी कायमच्या जाणार. वहिनींचा नवरा त्याचा जिवलग मित्र. तो गेल्यापासून पेंटरला दोन शब्द बोलायला हे एकच दार उरलं होतं.

सगळी गल्ली हातावर हात ठेवून बसली, तेव्हा पेंटरला मात्र काम होतं. दुकान बंद करायचं म्हटलं तरी पाटी लागतेच. आधी फर्निचरवाल्याची झाली. घरंच कोणी बांधत नाही तर कपाटं कुणासाठी करू, असं तो म्हणत होता. घरं बांधणारा म्हणाला, बँकेने हात वर केले. बँकेतल्या कारकुनाचं म्हणणं, प्लायवूडचा कारखाना बंद पडला, लोक हप्ते कुठून भरणार? आणि कारखान्याचा फोरमन म्हणाला, वीज महागली ती महागलीच, पण फर्निचरवाल्यानेच माल उचलणं सोडलं, मग यंत्रं काय शोभेला चालवायची? पेंटर मान डोलावत अक्षरं काढायचा. त्याला प्रत्येकाचं पटायचं. कुणीच खोटं बोलत नव्हतं, याचंच त्याला जास्त वाईट वाटायचं.

मग एक दिवस वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांचं लिहिलंत, भावजी. आता माझंही लिहा." त्याला आधी थट्टाच वाटली होती.

"वहिनी, तुमचं दुकान नेमकं कशाने बसलं हो?" त्याने आज विचारलं.

"एक काय सांगू? फर्निचरवाला गेला, पॉलिश खपेना. शाळा ओस पडली, फळ्याचा रंग पडून राहिला." त्यांनी फडकं झटकलं. "आणि तुम्ही रंग पातळ करायला लागलात."

पेंटर बोटाला लागलेला रंग चिंधीला पुसू लागला.

"पूर्वी तुमचा डबा बघता बघता संपायचा. नंतर तोच पुरवून पुरवून वापरायला लागलात. तुमच्या पाट्यांवरची फिकी अक्षरं मला इथून दिसायची की."

"नाइलाज होता, वहिनी. बंद होणारं दुकान पाटीचे पैसे कुठून देणार?"

"मग मी तरी काय हौसेने दूध बंद केलं? गिऱ्हाईकं तुटली म्हणून दूधवाला गाव सोडून गेला, तेव्हा दोन दिवस घास गिळवला नाही मला."

बाहेर ऊन कलत होतं. पेंटरने ब्रश गुंडाळले. उद्या येऊन पुन्हा बोट लावायचं, पुन्हा ओली म्हणायची, असं मनाशी ठरवून तो उठला.

"थांबा."

वहिनींनी फडताळाच्या अगदी मागून एक छोटी बाटली काढली, धूळ पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली. ड्रायर होता.

"शेवटची आहे. ती पाटी पुसून काढा आणि हे घालून पुन्हा लिहा. वाळेल."

पेंटरचा चेहरा पडला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आयुष्य रंगात गेलं माझं, भावजी. वासावरून कळलं पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मलाही हवे होते हे दिवस. पण लेक परवा न्यायला येतेय."

पेंटर परत खाली बसला. अक्षरं पुसायला त्याला बराच वेळ लागला. मग त्याने बाटली हातात घेतली. झाकण घट्ट बसलं होतं, की त्याच्याच हातात जोर नव्हता, कोण जाणे. ते काही केल्या फिरेना.

वहिनींनी बाटली त्याच्या हातातून घेतली, फडक्यात धरून झाकण उघडलं आणि परत त्याच्या हातात दिली.