दिवाकरचा वॉल्ट्झ

गिटारवाला मोठा कोण, असं दिवाकरला विचारून बघा. एक आपल्या झाशीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधला फ्रँक, दुसरा सिलोन रेडिओवरचा तो, ज्याचं नाव कधी कुणी सांगितलंच नाही, आणि तिसरा एकदा मुंबईच्या ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर आलेला गोवेकर. का मोठे? तर वाजवताना त्यांची बोटं दिसत नाहीत. बोटं दिसली की गिटारवाला संपला, असं हा आमच्या प्रेम नगर मोहल्ल्यात ज्याला त्याला ऐकवायचा. आता रेडिओवर बोटं तशीही दिसत नाहीत, पण ते याला कोण सांगणार?

फ्रँक ऑस्ट्रेलियाला निघून गेला, इन्स्टिट्यूटच्या डान्स बँडमधली त्याची खुर्ची रिकामी झाली आणि दिवाकरचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. वर्कशॉपात फिटरचं काम करताना पान्यावर बोटं नाचायची, जेवताना ताटाच्या काठावर. आई म्हणायची, "अरे, अन्नाला तरी स्वस्थ बसू दे." स्वस्थ कसला बसतोय! खुर्ची मिळाली तर दर शनिवारी वाजवायचं, नाही तर जन्मभर खिडकीबाहेर उभं राहून दुसऱ्याचं ऐकायचं. शेवटी बँडमास्तर रोझारिओसाहेब म्हणाले, शनिवारच्या डान्सला ये, बघू.

पोराची परीक्षा म्हणून वडील नारायणरावही आले आणि बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसले. घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. मराठी गणपतीत आरतीची झांज त्यांचीच, आणि दिवाकरची गिटार वाढली ती त्या झांजेच्या जोडीने. आरतीचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. संथ सुरू करायची, कडव्यागणिक चढवायची, शेवटी टाळ्यांनी तळवे लाल झाले पाहिजेत.

त्या बँडात ढोल नव्हता, लय गिटारनेच धरायची. पहिला वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांवर जोडीने घोळत नाचायचा तो संथ नाच, बरा सुरू झाला. मग दिवाकरला रंग चढला, आणि रंग चढला की हात चढणारच. जोड्या फिरत होत्या त्या गरगरायला लागल्या. कुणी कुणावर आदळलं, कुणाची सँडल निसटली. पीटर्स ड्रायव्हरची बायको बिचारी गुडघ्याने अधू, ती धापा टाकत भिंतीला टेकली. शेवट तर याने असा केला की फक्त मोरया म्हणायचं बाकी होतं. व्हरांड्यातून एकट्या नारायणरावांची टाळी आली, "वाह बेटा!"

रोझारिओसाहेबांनी कपाळ पुसलं. "दिवाकर, ये मंदिर नहीं है. तुम भागते हो, तो इनके पाँव भी भागते हैं. एक और देता हूँ. पाँव देखो."

तोंड काळंठिक्कर पडलेला दिवाकर पुन्हा बसला. पीटर्सबाई नवऱ्याचा हात धरून परत उठल्या होत्या. त्याने नजर त्यांच्या अधू पायावर ठेवली. तो पाय टेकेपर्यंत थांबायचं, मग पुढचा ठोका. हात सारखा पुढे धावायला बघत होता, दाव्याला ओढ देणाऱ्या गुरासारखा. त्याला रडूच येत होतं. हे काय वाजवणं झालं? बोटं तर अशी लख्ख दिसत होती की कुणीही मोजावीत.

वॉल्ट्झ संपला. टाळी नाही, काही नाही. बँडकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. लोक गप्पा मारत लिंबूपाण्याकडे वळले. पीटर्सबाई तेवढ्या बसायला तयार नव्हत्या, आणखी एक नाचायचा म्हणून नवऱ्याशी हुज्जत घालत होत्या.

संपलं सगळं, असं म्हणून दिवाकर गिटार पिशवीत घालायला लागला.

"किधर?" रोझारिओसाहेब म्हणाले. "अभी छह बाकी हैं. अगले शनिवार काले जूते पहनना."

दिवाकर धावतच व्हरांड्यात गेला. "अण्णा, ठेवलं मला."

"ठेवणारच," नारायणराव म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता. "पहिलं काय वाजवलंस रे! कान तृप्त झाले."

याच एका वाक्यासाठी दिवाकरने बोटं सोलून घेतली होती, आणि ते नेमकं त्या पहिल्या गाण्याला मिळालं.

"आणि ते दुसरं?" त्याने विचारलं.

"ते होय? ते ठीक होतं. त्यात गिटार काही ऐकू आली नाही, लोकांचे पाय तेवढे ऐकू येत होते. कोण बसलं होतं तेव्हा?"

"मीच होतो, अण्णा," दिवाकर म्हणाला, आणि आत वाजवायला गेला.