खाली विमान होतं

आमच्या कॉकपिटमधल्या एका यंत्राला आम्ही आत्याबाई म्हणतो. दुसरं विमान फार जवळ आलं की आत्याबाईंनी ओरडायचं आणि आम्ही निमूट ऐकायचं, एवढाच त्यांचा आमचा संबंध. ‘चढा’ म्हणाल्या की चढायचं, ‘उतरा’ म्हणाल्या की उतरायचं. खिडकीतून खात्री करत बसायचं नाही, कारण आकाशात डोळे फसतात आणि हातात असतात जेमतेम वीस-पंचवीस सेकंद. हे मी स्वतः पंधरा वर्षं नव्या वैमानिकांना शिकवत आलोय, आणि उलट प्रश्न विचारणाऱ्याला झापतही आलोय.

यंदा मात्र एका धावपट्टीच्या अलीकडे आत्याबाईंना भास व्हायला लागले. तीन आठवड्यांत सात विमानांत त्या ओरडल्या, आणि सातही वेळा आसपास चिटपाखरू नव्हतं. तंत्रज्ञांनी यंत्रं बदलली, तपासली आणि ‘दोष आढळला नाही’ असं लिहून ते मोकळे झाले. मग वरून पत्रक आलं: या भागात खोटे इशारे मिळू शकतात, तरी प्रत्येक इशारा खरा समजूनच पाळावा. खुर्चीत बसून लिहिणाऱ्याचं काय जातंय, असं मी चारचौघांत म्हणालो खरा. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

आठव्या वेळी विमान माझं होतं. भर दुपार, लख्ख ऊन, उतरायला सहा मिनिटं बाकी. आत्याबाई कडाडल्या, चढा, चढा. पडद्यावर समोर, आमच्या जरा खाली, लाल चौकोन, म्हणजे दुसरं विमान, दिसत होता. सहवैमानिक खिडकीला नाक लावून म्हणाला, सर, काहीच नाहीये. मलाही दिसत होतं. समोर मोकळं आकाश होतं आणि खाली शेतं. तरी मी विमान वर खेचलं. जरा जोरातच खेचलं. दारामागे काहीतरी धपकन पडलं आणि पाठोपाठ लोकांचा आरडाओरडा ऐकू आला. थोड्याच वेळात तो चौकोन पडद्यावरून आपोआप नाहीसा झाला.

पडली होती ती मावशी. केबिनमधल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची ती प्रमुख. सगळे तिला मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो, खरं तर ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे. एकोणीस वर्षं आम्ही बरोबर उडतोय. माझ्या चहातली साखर तिने मला न विचारता बंद केली आणि वर माझ्या बायकोला तसं कळवलं. त्या दिवशी ती प्रवाशांचे पट्टे तपासत उभी होती. सीटच्या लोखंडी पायावर आपटली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेलो. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, हळू बोलणारा माणूस. त्याने मला दारातच थांबवून सगळं सांगितलं. ती व्यायाम करत नाही, वॉकरला हात लावत नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. महिन्याभरात उभी राहिली नाही तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुमचं ऐकेल ती, असं तो म्हणाला तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

मावशीने मला एकच विचारलं.

“साहेब, खाली विमान होतं का?”

चौकशीचा अहवाल यायला अजून दोन महिने होते. खरं बोलायचं असं ठरवूनच मी आलो होतो. पण पलंगाच्या पायथ्याशी तिचा नवरा चादरीची घडी हातात धरून उभा होता.

“होतं,” मी म्हणालो. “छोटं, चार सीटांचं. पांढरं होतं, उन्हात पटकन दिसलं नाही.”

ती कोपरावर रेलून जरा उठली. मग नवऱ्याला म्हणाली, “अहो, चार माणसं होती. तो वॉकर आणा इकडे.”

त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायला लागला. स्वयंपाकघरापर्यंत गेले. फाटकापर्यंत गेले. आज जिना उतरले, चढताना मात्र घाम फुटला. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला, शेजाऱ्यांना, भाच्याला, सगळ्यांना तिने ती चार माणसं सांगून टाकली होती. बघता बघता ते नवरा, बायको आणि दोन मुली झाले. धाकटीला विमानाची भीती वाटत असणार, असंही ती एकदा म्हणाली. मी खरं सांगायला तोंड उघडायचो आणि ‘पाय जपा’ म्हणून फोन ठेवायचो. दरम्यान त्याच वाटेवर आत्याबाई आणखी दोनदा ओरडल्या. दोन्ही वेळा मी विमान चढवलं, दोन्ही वेळा खाली कुणी नव्हतं.

अहवालाची एक प्रत जखमी व्यक्तीला पाठवतात हे मला माहीत होतं. तरी बुधवारी तिचा फोन आला तेव्हा मी तो बराच वेळ वाजू दिला.

“रिपोर्ट आलाय, साहेब. ते चौघं नव्हतेच ना?”

“नव्हते.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“खेचतानाच माहीत होतं.”

भांडकुदळ प्रवाशांना सरळ करणारी बाई ती, आता माझी बिनपाण्याने करेल म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. शेवटी मीच म्हणालो, “मावशी, चुकलं माझं. शिव्या द्या, पण बोला.”

“तुमचं काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. प्रवाशांशी बोलायचा तिचा तो शांत आवाज होता. “तसं लिहिलंय यात. चौथ्या पानावर. कॅप्टनची कृती सर्वस्वी योग्य होती. यंत्रात दोष आढळला नाही. माझी एकच ओळ आहे, खाली.”

ती ओळ ती वाचून दाखवेल म्हणून मी थांबलो. तिने फोन ठेवला. पुढच्या रविवारी मी फोन केला, तर तिच्या नवऱ्याने उचलला आणि हळूच सांगितलं की ती भिंतीकडे तोंड करून झोपली आहे, आणि वॉकर कुठे ठेवलाय ते त्यालाही माहीत नाही.