उगवतीकडे तोंड केलेलं शेत

महेश्वर बिराजदारांनी सोलापुरातल्या एका दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढले. मोडलेली मनगटं, झिजलेले गुडघे, सगळं काळं-पांढरं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना कॅमेरा भेट दिला. दोन महिने तो कपाटातच होता. मग डिसेंबरात एस.टी.नं अक्कलकोटला जाताना वळसंगजवळ त्यांना सूर्यफुलांचं शेत दिसलं. ज्वारीच्या हिरव्या रानांमध्ये एकरभर नुसतं पिवळं. खिडकीतून दिसेनासं होईपर्यंत ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कॅमेरा घेऊन स्कूटरवरून तिथे पोचले. मावळतीचं ऊन फुलांच्या तोंडावर पडलं असेल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण सूर्य रस्त्याच्या बाजूला होता, आणि शेतातल्या झाडून सगळ्या फुलांनी त्याच्याकडे आणि महेश्वररावांकडे पाठ केली होती.

बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. शेत तिचंच. ईरम्मा तिचं नाव.

"काय हुडकताय, सायेब?"

"फुलांचे फोटो काढायचेत. पण सूर्य इकडे, आणि ही तिकडे कशी बघतायत?"

ईरम्मा हसली. "कळी असताना फिरतंय त्ये सूर्यामागं. एकदा उमललं की उगवतीला तोंड करून थांबतंय. मग न्हाय हलत. सकाळी या की."

सूर्यफूल दिवसभर फिरतं, हे महेश्वररावांनी शाळेत पाठ केलं होतं आणि साठ वर्षांत कधी उभं राहून पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचंच हसू आलं.

सकाळी आठच्या आत ते परत हजर झाले आणि वळसा घालून शेताच्या पलीकडे, उगवतीच्या बांधावर गेले. आता सगळं शेत त्यांच्याकडे तोंड करून होतं. कोवळ्या उन्हात प्रत्येक फूल आपापल्या उंचीवर उभं, कुणी पुरतं उघडलेलं, कुणाच्या दोन पाकळ्या अजून कपाळावर आलेल्या. एका फुलात परागानं माखलेली मधमाशी लोळत होती. महेश्वरराव वाकून एका फुलाच्या मागे गेले तर ऊन पाकळ्यांच्या आरपार आलेलं आणि त्यांतली रेघ न् रेघ स्पष्ट. फिल्ममागे दिवा लावून ते आयुष्यभर हेच तर बघत आले होते. पण इतका रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता.

वारा आला. फूल डुलायला लागलं.

"हलू नका. श्वास रोखा," महेश्वरराव सवयीनं म्हणाले.

"फुलाला सांगताय व्हय?" मागून ईरम्मा म्हणाली, आणि दोघंही खळखळून हसली.

तिनं उजव्या हाताला जुन्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळलं होतं. एकेका फुलावरून ती तळहात गोल फिरवत होती, पोराचं तोंड पुसावं तसा. पलीकडच्या टोकाला तिची सून दानेश्वरीही तेच करत होती.

"हे काय, अक्का?"

"मधमाश्या कमी झाल्यात, अण्णा. ह्या फुलाची धूळ त्या फुलाला लागाय पायजे, तवाच दाणा भरतोय. म्हणून आमीच माश्या झालो." तिनं कमरेचं दुसरं फडकं काढून पुढे केलं. "नुसतं बघून काय कळणार? गुंडाळा की."

महेश्वररावांनी कॅमेरा पाठीवर टाकला आणि एक अख्खी ओळ केली. फडक्यातूनही हाताला खरखर लागत होती. नीट पाहिलं तर मधल्या त्या तपकिरी चकतीत शेकडो इवली फुलं होती. कडेची उमललेली, आतली अजून मिटलेली. ओळ संपेस्तोवर फडकं पिवळंधमक झालं आणि खांदे भरून आले. ईरम्माच्या तोवर तीन ओळी झाल्या होत्या. तिनं एकही फूल वगळलं नव्हतं. खुरटलेलं, गुडघ्याएवढ्या झाडावरचं फूल असलं तरी त्यासाठी वाकत होती.

त्या दिवशी महेश्वररावांनी दोनशेवर फोटो काढले. घरी येऊन पत्नीला, विजयमालाबाईंना, ते एकेक दाखवत बसले. जेवण गार झालं. एका फोटोशी दोघंही थांबली. त्यात ईरम्माचा पिवळा झालेला हात होता आणि त्या हाताखाली झुकलेलं एक मोठं फूल.

संक्रांतीनंतर तो फोटो मोठा करून ते वळसंगला गेले. आता शेतातला पिवळा रंग ओसरला होता. जड झालेल्या माना खाली वाकल्या होत्या. ईरम्मानं फोटो दोन्ही हातांत धरून लांब केला, जवळ आणला.

"हात कुणाचा, ओळखलात?"

"हात ऱ्हाऊ द्या. ह्ये बांधाकडचं हाय, तिसऱ्या वळीतलं. पान बगा, किडीनं खाल्लेलं. चला, दावते."

ती झपाझप पुढे, महेश्वरराव मागे. तिसऱ्या ओळीत तिनं एक वाकलेलं फूल वर उचललं आणि त्यावरचा वाळका भुगा अंगठ्यानं झाडला. खाली काळे टपोरे दाणे, एकाला एक खेटून, गोल गोल फिरत मध्यापर्यंत गेलेले. कुठेही जागा रिकामी नव्हती.

"नोडरी," ईरम्मा कानडीत म्हणाली. "बगा, कसं भरलंय."

महेश्वररावांनी त्या दाण्यांवरून तळहात गोल फिरवला.