दोन कागद आणि कुंकवाचं बोट

लग्नाच्या दाखल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही, असा वसा आसावरीबाईंनी २००७ साली घेतला. लंडनमध्ये, घराजवळ एजवेअरच्या दुकानात मेथी आणायला गेल्या तरी दाखला पिशवीत. हसू नका, त्या वशाचं कारण मी आहे. मी त्यांच्या पासपोर्टातलं रेसिडेन्स कार्ड बोलतोय, म्हणजे नवऱ्याच्या नात्यानं इंग्लंडात राहायची परवानगी. नाव कार्ड, पण मी साधं स्टिकर.

बाईंचे यजमान मुरलीधर गोव्यातल्या फोंड्याचे. आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मले, म्हणून यांना पोर्तुगीज पासपोर्ट. एका ताटातली आमटी, पण नवरा युरोपियन आणि बायको नॉन-युरोपियन.

मी आलो तो सोळावा सोमवार होता. बाईंनी मला देवापुढे ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. कुंकवाचं बोट नेमकं माझ्यावर छापलेल्या ‘फॅमिली मेंबर’ या शब्दांवर टेकलं. मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं.

महिन्याभरानं यजमान कामासाठी लिस्बनला गेले आणि तिथे त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. फोनवर एवढंच म्हणाले, “अगं, येतेस का?” बाईंनी मऊ भातासाठी आंबेमोहोर बांधून घेतला आणि विमानतळ गाठला.

काउंटरवर उल्का नावाची इथेच वाढलेली मुलगी होती.

“आंटी, विसा?”

“विसा लागत नाही गं. नवऱ्याकडे जाणाऱ्या बायकोला हे कार्ड चालतं.”

“पण कुठे लिहिला आहे? इथे तर लाल डाग आहे.”

“डाग नाही, कुंकू. नवीन वस्तू आली की लावतात. आमच्या फ्रिजलाही आहे.”

उल्कानं तिच्या गोऱ्या साहेबाला बोलावलं. त्यानं जाड पुस्तक चाळलं. कार्ड चालेल, पण लग्नाचा पुरावा हवा. बाईंनी मंगळसूत्र पुढे केलं.

“हा पेपर नाही ना, आंटी,” उल्का हळूच म्हणाली.

दाखला घरी होता. बाईंनी शेजारच्या नीनाला फोन केला, “देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पाटाखाली बघ. किल्ली आहेच तुझ्याकडे.” मग बाकावर बसून डोळे मिटले. विमान गेलं, तर त्या दिवशी दुसरं नव्हतं.

काउंटर बंद व्हायला सात मिनिटं उरली तेव्हा नीना धापा टाकत आली. केस ओले.

“एवढा वेळ?”

“अगं, पारोशानं देव कसे हलवू? आंघोळ करून आले.”

साहेबानं दाखला माझ्याशेजारी ठेवला. त्यावरही बाईंनी त्याच बोटानं, त्याच करंड्यातलं कुंकू लावलेलं. साहेबानं चष्मा वर केला, खाली केला.

“दोन्हीवर एकच सील. सगळं नियमात आहे.”

उल्कानं तोंड उघडलं. बाईंकडे पाहिलं, आणि मिटलं. “येस, सील आहे,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मुरलीधरांना मऊ भात मिळाला. बाईंनी वसा घेतला तो विमानात, ढगांच्या वर.

आता माझा कोपरा सुटत चाललाय, कुंकू फिकट झालंय. माझी मुदत पाच वर्षांची, वशाला मुदत नाही. तेव्हा बायांनो, तुम्हीही हा वसा घ्या. परक्या देशात नवऱ्याकडे निघालात की दाखला जवळ बाळगा. आणि कुंकू लावायचंच असेल, तर दोन्ही कागदांना लावा.